नाव, गाव, काम

सोनगीरच्या किल्ल्याच्या पलीकडे, हमरस्ता सोडून आत गेलं की आमचं गाव लागतं. तिथे आमच्या शेतावर जीवराम नाना एकतीस वर्षं सालदार आहेत. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहणारा गडी. आमच्याकडे हे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला सुरू होतं आणि पुढच्या आखाजीला संपतं. त्या दिवशी लेकीबाळी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, पितरांच्या नावाने घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, आणि घरोघरच्या ओट्यांवर सालदारांचे भाव ठरतात. भाव हाच शब्द. कापसाला भाव, कांद्याला भाव, तसा गड्यालाही भाव. शहरातल्या लोकांना तो ऐकून कसंतरी होतं. मला नाही होत. मी जळगावला ज्या कारखान्यात आहे तिथे याच गोष्टीला चार इंग्रजी शब्द आहेत, आणि त्या चारांत मिळून या एका शब्दाएवढा खरेपणा नाही.

आखाजीच्या आधीचे पंधरा दिवस नानांची सायकल एका जागी उभी राहत नसे. सकाळचं गुरांचं आटोपलं की ते निघत. आज कापडणे, उद्या नगाव, परवा सोनगीरचा बाजार. जिथे सालदार भेटेल तिथे टेकायचं, तंबाखू मळायची आणि विचारायचं, यंदा तुझं काय ठरतंय? अशी वीस-बावीस गावं. कागद नाही, वही नाही. नाना चौथीपर्यंत शिकलेले. पण लिहून ठेवलेलं माणूस विसरतो, असं त्यांचं ठाम मत. परत आले की आमच्या खळ्यात गावातले गडी जमत आणि नाना एकेक सांगत जात. छगन तेव्हा नवीन लागलेला सालदार होता. त्याने एकदा घाईने विचारलं, "नाना, सरळ आकडा सांगा ना, कितला चालू शे?" नाना त्याच्यावर खेकसले.

"नाव, गाव, काम. तिन्ही नही तं भाव नही, नुसती हवा शे ती."

म्हणजे कोणाला मिळाला, कुठे मिळाला आणि काय करतो म्हणून मिळाला. या तीन गोष्टी ज्या आकड्याला चिकटलेल्या नाहीत, तो आकडा नाना तोंडातून बाहेर काढत नसत. आणि नाव सांगायचं तर त्या माणसाला आधी विचारून. जो नको म्हणेल त्याचा आकडा सोडून द्यायचा, मग तो कितीही कामाचा असो.

त्यांच्या शब्दाला वजन कसं आलं याची एक गोष्ट गावात अजून सांगतात. शेजारच्या गावच्या एका कांदेवाल्या मालकाने त्यांना गाठलं. यंदा दहा हजार कमी सांग, दोन पोती गहू घरपोच देतो, म्हणाला. नाना बरं म्हणाले. संध्याकाळी खळ्यात सगळ्यांचे भाव सांगून झाल्यावर त्यांनी शेवटी त्या मालकाचंही सांगून टाकलं. नाव अमुक, गाव तमुक, काम खोटं बोलणं, भाव दोन पोती गहू. त्या मालकाचं तोंड पुढे वर्षभर बाजारात कोणाला दिसलं नाही. उलटही झालंय. गड्यांनी हातापाया पडून सांगितलं, नाना, पाचच हजार वाढवून सांगा. नानांनी एक रुपया वाढवला नाही. त्यामुळे गडीही त्यांचं ऐकत आणि मालकही ऐकत. एखादा पोरगा मालकासमोर बोलायला घाबरला तर नाना स्वतः त्याच्याबरोबर जात, ओट्याखाली उभे राहत आणि मालकाच्या तोंडावर भाव सांगत.

आमच्या घरी मात्र वेगळीच रीत होती. माझे वडील, रुपचंद आबा, आखाजीच्या सकाळी ओट्यावर बाजेवर बसत. नाना खालच्या पायरीवर. आई तबकात अख्खी सुपारी आणि एक रुपया ठेवून आणे. आबा विचारत, "जीवराम, यंदा भाव काय शे रे?" नाना सांगत. आबा सुपारी पुढे करत. नाना ती घेत, कपाळाला लावत आणि झालं, वर्ष ठरलं. घासाघीस नाही, मागणं नाही, देणंही नाही म्हणा. मालकाने गड्यालाच गड्याचा भाव विचारायचा आणि तो सांगेल तो द्यायचा, असं आबांशिवाय कोणी करत नव्हतं. गावातले लोक आबांना हसत. मांजरालाच दुधाची राखण दिली, म्हणत. आबा म्हणत, मांजर बघून दिली.

नानांनी पंचावन्नी ओलांडली, त्या आखाजीचं मला लख्ख आठवतं. मी सुट्टीवर आलो होतो. आबांनी नेहमीचा प्रश्न विचारला. नाना खाली बघत म्हणाले, "आबा, मी आते पहिलासारखा गडी नही ऱ्हायनू. गुडघा दुखस. मना भाव कमी शे."

आबा तडकलेच. "तुना गुडघाना भाव इचारा नही मी. चांगला गडीना भाव सांग."

नानांनी सांगितला. आबांनी सुपारी दिली. तेव्हा मला ती नुसती आबांची तिरसट बोली वाटली होती. ते काय देत होते, ते मला फार उशिरा कळलं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे जे झालं त्यात माझा हात आहे. मी नवल, आबांचा धाकटा मुलगा. जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया करणाऱ्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला आहे. हजेरी, रजा, पगार हे माझं काम. सहा वर्षांपूर्वी मला साडेसतरा हजार पगार होता आणि पोरगी नुकतीच शाळेत घातली होती. मी इंटरनेटवरून माझ्या हुद्द्याचा सरासरी पगार काढला, रंगीत छापून घेतला आणि मालकांसमोर, महावीरशेठसमोर ठेवला. एकतीस हजार चारशे. शेठ शांत माणूस. चष्मा लावून त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, "हा पुण्याचा आहे, नवलभाऊ. पुण्याला एवढा मिळतो हे खरं असेल. पण मग खोलीचं भाडंही पुण्याचं भरावं लागेल तुम्हाला." त्यांनी कागदाची घडी घालून मला परत दिली, आणि मी हात दाखवून अवलक्षण करून घेतल्यासारखा बाहेर आलो.

त्या रविवारी गावी गेलो तेव्हा गोठ्यात बसून नानांना हे सगळं सांगितलं. त्यांनी कागद हातात घेतला, उलटासुलटा केला.

"हाऊ कोना भाव शे?"

"कोणा एकाचा नाही, नाना. सगळ्यांचा मिळून. सरासरी."

"सरासरी नावना मानूस कोन्या गावले ऱ्हास?"

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "तुना शेठ बराबर बोलना. नाव नही, गाव नही, काम काय ते बी नही. मी मालक ऱ्हातू तं मी बी नसता दिधा." मग मला नीट समजावून सांगितलं. तुझ्याच गावात, तुझंच काम करणारे शोध. त्यांना विचारून नाव घे. आणि शेवटी म्हणाले, "भाव कागदवर नही ऱ्हास. सांगनाराना तोंडमा ऱ्हास. समोर उभा ऱ्हाईसन सांगना पडस."

मी तसंच केलं. एमआयडीसीतल्याच कारखान्यांत टाइम ऑफिसला असणाऱ्या सात जणांना भेटलो. पगार सांगणं म्हणजे आपल्यात पाप. बायकोलाही खरा न सांगणारे लोक आहेत. तरी चौघांनी सांगितला आणि त्यातल्या दोघांनी नाव घ्यायला हरकत नाही म्हटलं. उरलेले दोन आकडे मी सोडून दिले. महिनाभराने शेठसमोर उभा राहिलो, हातात कागद नाही. दोन नावं सांगितली, कारखाने सांगितले, ते कितीजणांची हजेरी बघतात आणि मी किती बघतो ते सांगितलं. शेठ म्हणाले, "हां. हे जळगावचं आहे." पुढच्या महिन्यापासून मला एकवीस हजार झाले. पहिल्या पगारातून मी नानांना बुटांचा जोड नेला. त्यांनी तो पायात घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि काढून पुन्हा खोक्यात ठेवला. "तुना भाव तुले भेटना," एवढंच म्हणाले, पण दिवसभर खूश होते. मीही होतो. नंतर शेठनी ते काम माझ्याकडेच दिलं. दर मार्चमध्ये आजूबाजूच्या कारखान्यांत कोणत्या कामाला काय देतात, त्याचा तक्ता मी करतो. त्यामुळे जळगाव-पाचोऱ्याकडे कोण कशाला किती देतं, हे मला बऱ्यापैकी ठाऊक असतं. हे लक्षात ठेवा.

आबा तीन वर्षांपूर्वी गेले. माघात गेले, आणि त्या वर्षीची आखाजी सुतकासारखीच गेली. ओट्यावर कोणी बसलं नाही, भाव निघाला नाही, नानांचे मागचे एक लाख वीस हजार तसेच पुढे चालू राहिले. पुढच्या वर्षीही तसंच झालं. कारभार आता माझ्या थोरल्या भावाकडे, योगराजकडे आला होता. योगराज वाईट माणूस नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्याला शिव्या द्याल आणि मी सुटेन. त्याचं धुळ्याला बी-खतांचं दुकान आहे. आठवड्यातले पाच दिवस तो तिकडेच असतो. शेत नाना बघतात. पाणी कधी सोडायचं, फवारणीला किती माणसं सांगायची, कोणती गाय कधी विणार, कांदा चाळीत घालायचा की विकायचा, सगळं. योगराज फोनवर हं म्हणतो.

गेल्या वर्षी नानांच्या घरी एक गोष्ट घडली. बेबाबाईंना, त्यांच्या बायकोला, दम लागायला लागला. त्या आयुष्यभर निंदणीला, कापूस वेचायला गेलेल्या. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, धुळीत जायचं नाही, शेतातलं काम बंद. वर्षाचे त्यांचे पस्तीस-चाळीस हजार बंद झाले आणि औषधं सुरू झाली. घर आता नानांच्या एकट्याच्या सालावर आलं. बेबाबाई आईजवळ बोलल्या, यंदा यांना एक पस्तीस मिळाले तर भागून जाईल. नाना स्वतः कोणाला काही बोलले नाहीत. पण गेल्या आखाजीच्या आधी ते वीस-बावीस गावांवर थांबले नाहीत. एकसष्ट वर्षांचा माणूस, दुखऱ्या गुडघ्याने सायकल मारत तीस गावं फिरला. आयुष्यात पहिल्यांदा ते स्वतःचा भाव गोळा करत होते.

आखाजीच्या आठ दिवस आधी योगराजचा फोन आला. "नाना यंदा वाढवून मागतील, आई सांगत होती. कापसाचं तुला माहीतच आहे. तुमच्या कंपनीत कसं ठरवता रे तुम्ही?"

कोणी आपल्या कामाबद्दल विचारलं की माणूस फुगतो. मीही फुगलो. त्याला अर्धा तास शिकवलं. म्हटलं, सरसकट भाव कधी धरायचाच नाही. वय बघायचं, काम बघायचं, सारख्याला सारखा लावायचा. तुलना करायची तर तसाच माणूस शोधायचा. नानांनी मला गोठ्यात बसून शिकवलं तेच मी घासूनपुसून, चार इंग्रजी शब्द लावून माझ्या भावाला दिलं. ते तो कोणावर वापरणार आहे हा विचार माझ्या मनात आला नाही असं मी म्हणणार नाही. आला होता. मी तो पुढे ढकलला.

आखाजीच्या सकाळी मी गावी होतो. आईने घागर भरली होती. तिच्यावर डांगर, बाजूला आबांचा फोटो. योगराज बाजेवर आबांच्या जागी बसला आणि मला म्हणाला, बैस. मी त्याच्या शेजारी बसलो. नाना आले. धुवट सदरा, आणि पायात मी दिलेले ते बूट. पाच वर्षांत मी ते त्यांच्या पायात दुसऱ्यांदा पाहत होतो. ते पायरीवर बसले. आईने तबक आणून ठेवलं आणि ती दारात थांबली.

"नाना, यंदा भाव काय शे?" योगराजने विचारलं. अगदी आबांच्या चालीवर.

नानांचा चेहरा मोकळा झाला. रीत तीच राहिली याचा आनंद त्यांना लपवता आला नाही. त्यांनी तीन गावं, तीन नावं, तीन कामं सांगितली आणि म्हणाले, "चांगला गडीले एक लाख चाळीस. ट्रॅक्टर चालाडस त्याले पाच जास्तीना. मी एक पस्तीसमा राजी शे."

योगराजने मान हलवली. मग अगदी हळू, आदराने म्हणाला, "तो चांगला गडीना झाया, नाना. साठ वरीसना, गुडघा दुखस, ट्रॅक्टर चालाडता येत नही, आशा गडीना भाव काय शे? तुम्हीच सांगा. तुमनं खोटं कधी नही ऱ्हास."

मला वाटलं, आता नाना म्हणतील, माहीत नाही. तेवढं म्हणाले असते तरी चाललं असतं. एवढ्या तीस गावांत असा माणूस भेटला नाही, म्हटलं असतं तर कोण तपासायला जाणार होतं? पण त्यांना माहीत होतं. म्हाताऱ्या गड्यांचे भावही ते दरवर्षी गोळा करत, कारण म्हाताऱ्या गड्यांनाही कोणीतरी लागतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं, जसं बाजारात ओळखीची वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसावी. मग योगराजकडे बघून सांगितलं.

"तीन जन शेतस." नावं सांगितली. गावं सांगितली. काम गुरं, पाणी, राखण. "एकले पंच्याऐंशी. दोन जनसले नव्वद."

दारात आईने पदर तोंडाला लावला.

योगराज ओशाळला. त्याला जिंकायचं होतं, पण एवढं नाही. घाईने म्हणाला, "मी काई कमी करस नही, नाना. एक लाख वीस शेतस ना, तेच ऱ्हाऊ द्या. औषधनं काई लागनं तं सांगा." आणि त्याने सुपारी पुढे केली.

आणि मी? मला एक आकडा माहीत होता. पाचोऱ्याजवळच्या एका बागायतीवर हिलाल नावाचा माणूस आहे. वय अठ्ठावन्न, हृदयाचं दुखणं, कुदळ हातात धरत नाही. मालक जळगावला राहतो आणि हिलाल खुर्चीवर बसून सगळं शेत चालवतो. त्याला महिन्याला अठरा हजार मिळतात, म्हणजे वर्षाला दोन लाख सोळा. शेठना त्यांच्या शेतासाठी असाच माणूस हवा होता, म्हणून मार्चच्या तक्त्याच्या वेळी मी तिथे स्वतः जाऊन आलो होतो, आणि नाव घ्यायला त्याची हरकतही नव्हती. नाव, गाव, काम, तिन्ही माझ्याजवळ होतं. नानांचं काम म्हाताऱ्या गड्याचं नव्हतंच. हिलालचं होतं. एवढं एक वाक्य मला बोलायचं होतं. पण सात-बारावर माझंही नाव आहे. शेतातून जे वाचतं त्यातलं निम्मं माझं असतं. पोरीची फी जूनमध्ये भरायची होती. मी तोंडात मूग धरून बसलो.

नानांनी सुपारी घेतली. कपाळाला लावली. उठताना गुडघा वाजला, तो सगळ्यांना ऐकू आला.

दुपारी निंबाखाली पत्त्यांचा डाव पडला होता. आखाजीला आमच्याकडे पत्ते खेळणं हे पाप नाही. मी तिथून जात होतो. छगनला यंदा एक चाळीस मिळाले होते, नानांनी सांगितलेल्या भावाने. तो खुशीत होता. त्याने दरवर्षीसारखं विचारलं, "नाना, तुमले कितला?"

माझे पाय थांबले. वाटलं, निदान इथे तरी टाळतील. नानांनी हातातले पत्ते उलटे ठेवले आणि कोणाचाही भाव सांगावा तसा स्वतःचा सांगितला.

"जीवराम. गाव हाईच. काम गुरं, पानी, राखन. एक लाख वीस. त्यामा नव्वद भावना, तीस आबाना."

पत्ते खेळणाऱ्यांना काय कळलं ठाऊक नाही. मला कळलं. नव्वद भावाचे, आणि वरचे तीस आबांनी दुखऱ्या गुडघ्याकडे न बघता दिलेले. आबा जाऊन इतके दिवस झाले, मी तेराव्यालाही रडलो नव्हतो. त्या निंबाखाली मला हुंदका आला आणि मी आडोशाला जाऊन तोंडावर पाणी मारून आलो.

उन्हं कलल्यावर मी नानांच्या घरी गेलो. बेबाबाई दारात बसून सांजोऱ्या डब्यात भरत होत्या. मला बघून आत पाणी आणायला गेल्या. दोन पावलं चालल्या की थांबत होत्या. मी नानांना हिलालचं सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज उगाच मोठा झाला होता. नाना ऐकत होते. मध्येच विचारत होते. वय काय? कितला एकर? मालक कितला दिवस येस? मी प्रत्येकाचं उत्तर दिलं.

"खरं शे?" त्यांनी विचारलं.

"खरं आहे, नाना. मी स्वतः जाऊन आलो. तुमचं काम तेच आहे. योगराजला मी आत्ता सांगतो."

ते वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. मग म्हणाले, "मंग सकाये काब्र नही सांगं?"

सकाळी का नाही सांगितलं, ते सात-बारावर लिहिलेलं होतं. बेबाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या, त्याही उभ्या राहिल्या.

"आते मी सुपारी लिधी शे," नाना म्हणाले. "आखाजी व्हई गई." बूट त्यांनी खोक्यात ठेवले. आणि मग माझी समजूत काढावी तसं, लहानपणी मी पडलो की जसं बोलत तसं म्हणाले, "भाव खरा शे रे, नवल. सांगनारा नही व्हता."

त्याला आता वर्ष होत आलं. मी योगराजशी दिवाळीत बोललो. तो म्हणाला, पुढच्या आखाजीला बघू. मी औषधांसाठी महिन्याला दोन हजार पाठवतो. बेबाबाई ते घेतात. नाना त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. माझ्याशी पूर्वीसारखेच बोलतात, पोरीला बोरं पाठवतात. उलट रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

पण गेल्या आठवड्यात छगनचा फोन आला. म्हणाला, आखाजीला अकरा दिवस उरलेत आणि नानांची सायकल गोठ्यातच उभी आहे. यंदा ते एकाही गावाला गेले नाहीत. गड्यांनी विचारलं तर म्हणाले, "मना भाव मालेच सांगता नही उना. दुसराना काय सांगू?" छगन आता स्वतः फिरतोय, पण त्याला कोणी खरं सांगत नाही. एका गावात एक सांगतात, दुसऱ्या गावात दुसरं. मालक तर हसतातच. तो मला विचारत होता, भाऊ, तुम्ही येता का?

मी चार दिवसांची रजा टाकली आहे. मागच्या रविवारी पाचोऱ्याला जाऊन हिलालला पुन्हा भेटलो. आणखी दोन माणसं शोधली, एक बोदवडकडचा, एक इकडे धुळ्याजवळचा. तिघांनीही नाव घे म्हटलं. हे मी कागदावर लिहिलेलं नाही. ओट्यावर बाज तीच असेल, योगराज मला बैस म्हणेल, आणि आई तबक आणेल. यंदा मी पायरीवर बसणार आहे, हे मी नानांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "ये. मंग देखू."